परदेशी विद्यापीठ: प्रवेश एकाचा, व्हिसा दुसऱ्याचा, मुक्कामाच्या अटी तिसऱ्याच

२०२५च्या मे महिन्यात अमेरिकेने जगभरातल्या आपल्या वकिलातींना सांगितलं, की विद्यार्थी व्हिसासाठी मुलाखतीच्या नव्या वेळा देऊ नका. तीनेक आठवड्यांनी मुलाखती पुन्हा सुरू झाल्या, पण नवी अट घेऊन: अर्जदाराने समाजमाध्यमांवरची आपली खाती सगळ्यांना पाहता येतील अशी उघडी ठेवायची. त्याच मे महिन्यात हार्वर्ड विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकार सरकारने काढून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, ऑस्ट्रेलियाने व्हिसाची फी ७१० डॉलरवरून थेट १,६०० डॉलरवर नेली आणि ब्रिटनने मास्टर्स करणाऱ्या बहुतेकांना जोडीदार आणि मुलं सोबत आणायला मनाई केली.

अशा बातम्या आल्या की घराघरांत तेच प्रश्न निघतात. हार्वर्डने घेतलेल्या मुलाला सरकार कसं अडवतं? फी भरली, मग व्हिसा का नाकारला? पासपोर्टवर पाच वर्षांचा शिक्का आहे, मग दोन वर्षांत परत का यायचं?

हे सगळे प्रश्न एकाच समजुतीतून येतात. ‘परदेशात शिकायला जाणं’ ही एकच परवानगी आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या तीन आहेत. पहिली विद्यापीठ देतं, दुसरी त्या देशाचं सरकार सीमेबाहेर असताना देतं, तिसरी तेच सरकार तुम्ही आत असताना चालू ठेवतं किंवा बंद करतं. तिन्हींसाठी विचारले जाणारे प्रश्न वेगळे, उत्तरं तपासणारी माणसंही वेगळी. कोणतीही नवी बातमी वाचताना आधी एवढंच पाहावं, की ती या तिघांपैकी कशाबद्दल आहे. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

## पहिली परवानगी: विद्यापीठाचा होकार

विद्यापीठाला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या असतात: हा विद्यार्थी अभ्यासक्रम झेपवेल का, आणि फी भरू शकेल का. होकार सशर्त असू शकतो (‘शेवटच्या वर्षाचे गुण इतके आले तर’, ‘भाषेच्या परीक्षेत इतके मिळाले तर’) किंवा बिनशर्त. सशर्त होकारावर व्हिसाचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही.

होकार पक्का झाला की विद्यापीठ एक सरकारी स्वरूपाचा कागद काढतं. अमेरिकेत त्याला आय-२० म्हणतात. ब्रिटनमध्ये तो कागदही नसतो; ‘कॅस’ नावाचा एक क्रमांक मिळतो. ऑस्ट्रेलियात नावनोंदणीचा दाखला मिळतो. कॅनडात प्रवेशपत्रासोबत बहुतेकांना त्या प्रांताचं एक वेगळं पत्रही लागतं, कारण एकूण मर्यादा प्रांतांमध्ये वाटून दिलेली आहे. २०२६ पासून सार्वजनिक विद्यापीठांतल्या मास्टर्स आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मात्र त्या पत्रातून सूट आहे.

आता यातली गोम. हा कागद काढण्याचा अधिकार विद्यापीठाला जन्मजात नसतो, सरकार तो परवाना म्हणून देतं. म्हणून हार्वर्ड कितीही जुनं आणि श्रीमंत असलं, तरी परवान्याच्या बाबतीत ते एक परवानाधारकच. असं घडण्याची ती पहिली वेळही नव्हती. २०१२च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनने लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परवाना रद्द केला आणि दोन हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांवर दुसरं विद्यापीठ शोधण्याची वेळ आली. त्या मुलांनी काहीही चुकवलं नव्हतं. विद्यापीठाने हजेरी आणि कागदपत्रं नीट तपासली नाहीत, असा सरकारचा आक्षेप होता.

या परवान्यामुळे विद्यापीठंही सावध वागतात, आणि हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये एखाद्या विद्यापीठाने पाठवलेल्यांपैकी ठरावीक टक्क्यांहून जास्त जणांना व्हिसा नाकारला गेला, तर त्याचा परवाना धोक्यात येतो. ही मर्यादा १० टक्के होती. ती ५ टक्क्यांवर आणायचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं. परिणाम असा, की प्रवेश दिल्यावरही विद्यापीठ स्वतःच मुलाखत घेतं, बँकेचे कागद मागतं आणि शंका आली तर कॅस देतच नाही. ‘गुण होते, तरी विद्यापीठाने शेवटी नाही म्हटलं’ असं कुणी सांगितलं, तर त्यामागे बरेचदा हे गणित असतं.

## ‘प्रवेश मिळाला म्हणजे व्हिसा मिळणारच ना?’

नाही. आणि यात अधिकाऱ्याचा लहरीपणा असतोच असं नाही. त्याच्या टेबलावरचा प्रश्नच वेगळा असतो.

अमेरिकेचा कायदा याबाबत सगळ्यात स्पष्ट, आणि म्हटलं तर सगळ्यात कठोर आहे. १९५२च्या कायद्यातलं कलम २१४(बी) सांगतं, की व्हिसा मागणारा माणूस कायमचं राहायलाच येतोय असं गृहीत धरा. तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. विद्यार्थी व्हिसाची मुलाखत काही मिनिटांत संपते, आणि त्या मिनिटांत अधिकारी शोधत असतो ते एवढंच: हा मुलगा खरंच शिकायला निघालाय का, पैसे कुठून येणार आहेत, आणि शिक्षण झाल्यावर परतण्यासारखं याच्या मागे काही आहे का. या कलमाखाली नकार मिळाला तर अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, फी पुन्हा भरून. नकार म्हणजे खोटेपणाचा आरोप नव्हे. ‘मला पटलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

ऑस्ट्रेलियाचा प्रवास उलट दिशेने झाला. तिथेही २०२४च्या मार्चपर्यंत ‘तात्पुरतं राहण्याचा खरा हेतू’ दाखवावा लागे. मग ती कसोटी गेली आणि तिच्या जागी ‘खरा विद्यार्थी’ ही कसोटी आली. पुढे तिथे राहावंसं वाटणं हे आता आपोआप दोष ठरत नाही. शिक्षण हेच येण्याचं मुख्य कारण आहे का, हे पाहिलं जातं. कॅनडाच्या कायद्यात तर दुहेरी हेतू उघडपणे मान्य आहे: आज विद्यार्थी म्हणून येणं आणि उद्या स्थायिक होण्याची इच्छा असणं, दोन्ही एकत्र चालतं. मात्र परवानगी संपली तर हा माणूस देश सोडेल, एवढं अधिकाऱ्याला पटावं लागतं.

म्हणजे ‘संधी मिळाली तर मला इथेच राहायला आवडेल’ हे एकच प्रामाणिक वाक्य एका देशाच्या खिडकीवर निर्धोक ठरतं आणि दुसऱ्या देशाच्या खिडकीवर अर्ज बुडवतं. तयार उत्तरं घोकून घेणाऱ्या शिकवण्यांचा मला म्हणूनच विश्वास वाटत नाही. त्या एका देशाचं उत्तर दुसऱ्या देशाला चिकटवतात, आणि रोज शेकडो जणांच्या तोंडून तेच वाक्य ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला ते पाठ केलेलं आहे हे ओळखायला कष्ट पडत नाहीत. त्यापेक्षा हाच अभ्यासक्रम का, तो आपल्या आधीच्या शिक्षणाला कसा जोडला जातो आणि खर्च कोण उचलणार आहे, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर तयारी झाली समजावं. इतिहासात पदवी आणि आता अचानक डेटा सायन्स, असं असेल तर मधला दुवा विचारला जाणारच.

## ‘पैसे आहेत की! मग ते अमुकच पद्धतीने का दाखवायचे?’

कारण सरकारला तुमची श्रीमंती मोजायची नसते. हा माणूस आपल्या सरकारी तिजोरीवर पडणार नाही आणि पोट भरायला बेकायदा कामाकडे वळणार नाही, एवढी खात्री हवी असते. प्रत्येक देशाने त्यासाठी आपली युक्ती काढली आहे.

जर्मनीची युक्ती सगळ्यात सरळ आहे: गोठवलेलं खातं. २०२४च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो या खात्यात आधीच भरावे लागतात आणि पोहोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. ब्रिटन महिन्याचा खर्च धरून जास्तीत जास्त नऊ महिन्यांची रक्कम मागतं. २०२५च्या नोव्हेंबरपासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा दर आहे. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी त्याखाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. चार दिवसांसाठी कुणाकडून उसने पैसे आणून दाखवायचे, या जुन्या उपायावर काढलेला हा तोडगा. कॅनडात फी आणि प्रवासखर्च सोडून एकट्या विद्यार्थ्यासाठी वर्षाला २२,८९५ कॅनडियन डॉलर लागतात (२०२३ पर्यंत हा आकडा १०,००० होता आणि कित्येक वर्षं बदललाच नव्हता). ऑस्ट्रेलियात २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर.

हे आकडे दरवर्षी हलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा आकडा त्या सरकारच्या संकेतस्थळावरच पाहावा. दुसरं म्हणजे हा किमान आकडा आहे, अंदाजपत्रक नव्हे. म्युनिकमध्ये ९९२ युरोत महिना काढणं अवघड जातं. त्यातला मोठा हिस्सा खोलीच्या भाड्यातच जातो.

शिवाय काही रकमा अशा असतात की त्यांचा उल्लेख विद्यापीठाच्या रंगीत माहितीपत्रकात सापडत नाही. अमेरिकेत व्हिसाच्या फीखेरीज विद्यार्थ्यांच्या नोंदणी यंत्रणेसाठी, म्हणजे ‘सेविस’साठी, ३५० डॉलर वेगळे द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या फीसोबत आरोग्यसेवेचा अधिभार आधीच भरायचा असतो: विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. आणि एका वर्षाच्या मास्टर्ससाठी तो दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड होतो, कारण व्हिसाची मुदत अभ्यासक्रमाच्या पुढे काही महिने चालते.

## फी स्थानिकांपेक्षा इतकी जास्त का?

इंग्लंडमध्ये स्थानिक पदवी विद्यार्थ्याकडून विद्यापीठ वर्षाला किती घेऊ शकतं, हे सरकार ठरवतं. २०२५-२६ मध्ये ती मर्यादा ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादाच नाही. स्थानिकांना शिकवणं आणि संशोधन करणं यांत जो तोटा येतो, तो विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून भरून काढतात. म्हणून सरकार जेव्हा विद्यार्थी कमी करण्याच्या गोष्टी करतं, तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडतात ती विद्यापीठं. आणि ओरड वाया गेली की ती विभाग बंद करतात, प्राध्यापक कमी करतात. एखादं विद्यापीठ निवडताना ते आर्थिकदृष्ट्या कितपत धड आहे हे पाहावं, असं मी म्हणतो ते यामुळे.

‘युरोपात शिक्षण फुकट असतं’ हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंही दरवर्षी लहान होत चाललंय. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये फी लावली. जर्मनीच्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत आजही शिक्षणशुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली.

पीएचडीचा हिशेब मात्र निराळा. विज्ञान आणि अभियांत्रिकीत अमेरिकेतली बरीच विद्यापीठं पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी माफ करून वर विद्यावेतन देतात, बदल्यात तो शिकवतो किंवा प्रयोगशाळेत काम करतो. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियात पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरीच असते. खर्चाचा खरा डोंगर उभा राहतो तो मास्टर्सच्या एक-दोन वर्षांत, आणि परदेशी जाणाऱ्यांची गर्दीही तिथेच असते.

## तिसरी परवानगी: आत गेल्यावर सुरू होते ती

नाटकाचं तिकीट दारावर दाखवलं की आत जाता येतं. आत गेल्यावर ते पुन्हा कुणी विचारत नाही, पण खुर्चीवर बसून राहायचं तर सभागृहाचे नियम पाळावे लागतात. आणि मध्येच बाहेर पडलात तर परत येताना तिकीट पुन्हा लागतं. अमेरिकेचा व्हिसा म्हणजे हे तिकीट. पासपोर्टवरचा शिक्का फक्त दारापुरता. आत तुमचा जो दर्जा चालू असतो, त्याला तिथे ‘स्टेटस’ म्हणतात, आणि तो शिक्क्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. म्हणून शिक्क्याची मुदत संपली तरी शिकणारा विद्यार्थी बेकायदा ठरत नाही (फक्त देशाबाहेर गेला, तर परतण्याआधी नवा व्हिसा घ्यावा लागतो). उलट पाच वर्षांचा शिक्का ताजा असतानाही दर्जा तुटू शकतो.

तो तुटतो कशाने? बहुतेकदा फार साध्या गोष्टींनी. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याने सत्रात साधारणपणे १२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) तरी घेतलेच पाहिजेत. विषय जड जातोय म्हणून एक विषय सोडला आणि बेरीज खाली आली, की दर्जा धोक्यात. एका सत्रात ऑनलाइन घेतलेला साधारणपणे एकच विषय या बेरजेत धरला जातो. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचं. विषय सोडण्याआधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाची लेखी परवानगी घेतली, तर आजारपण किंवा सुरुवातीची भाषेची अडचण अशा कारणांसाठी सूट मिळू शकते. नंतर जाऊन मागितली तर बहुधा मिळत नाही. मार्गदर्शक प्राध्यापक कितीही प्रेमळ असला, तरी या बाबतीत त्याचा शब्द चालत नाही. विषय सोडणं, सुट्टी घेणं, विद्यापीठ बदलणं, नोकरी धरणं यांतलं काहीही करण्याआधी पहिला ईमेल त्या कार्यालयाला जावा.

ब्रिटनमध्ये व्हिसा आणि दर्जा असे दोन तुकडे नाहीत. तिथे आता पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी डिजिटल नोंद असते, आणि विद्यार्थी वर्गात येतोय की नाही हे विद्यापीठाला पाहावं आणि सरकारला कळवावं लागतं. म्हणजे हजेरीचा विषय फक्त प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातला राहत नाही.

कधीकधी विद्यार्थ्याचं काही न चुकताही दर्जा हलतो. २०२०च्या जुलैमध्ये, साथीच्या काळात, अमेरिकी सरकारने जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत त्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेले आणि आठ दिवसांत तो आदेश मागे घेण्यात आला. २०२५च्या वसंतात सेविसमधल्या हजारो नोंदी अचानक बंद केल्या गेल्या, त्यांतल्या काही केवळ जुन्या किरकोळ पोलिसी नोंदींवरून. अनेक न्यायालयांनी सरकारला रोखल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. या दोन्ही वेळा ज्यांच्याकडे आपले सगळे कागद, पगाराच्या पावत्या, नोंदणीचे पुरावे हाताशी होते, त्यांना वकिलाकडे जाऊन लगेच हालचाल करता आली. कागद सांभाळणं कंटाळवाणं असतं, पण इथे ते केलेलं बरं.

## ‘तिथे काम करून फी भागवेन’

हा बेत बहुतेक वेळा फसतो, आणि कारण आळस नसून अंकगणित आहे.

ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना पदवी किंवा मास्टर्सच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास काम करता येतं. २०२५च्या एप्रिलमध्ये लागू झालेलं किमान वेतन २१ वर्षांवरच्यांसाठी तासाला १२.२१ पौंड होतं. आठवड्याचे झाले २४४ पौंड, महिन्याचे साधारण १,०५०. आणि सरकार स्वतः लंडनमध्ये राहण्याचा महिन्याचा खर्च १,५२९ पौंड धरतं. म्हणजे परवानगी असलेले सगळे तास भरले, एकही आठवडा रिकामा गेला नाही, तरी राहणं-खाणंसुद्धा पूर्ण निघत नाही. फीचं तर नावच नको. शिवाय हे २० तास प्रत्येक आठवड्याला मोजले जातात, सरासरीने नाही. या आठवड्यात १५ केले म्हणून पुढच्या आठवड्यात २५ चालत नाहीत. स्वतंत्र व्यवसायाला तर पूर्ण मनाई आहे, आणि ॲपवरून खाद्यपदार्थ पोहोचवण्याचं काम बहुतेकदा त्याच सदरात मोडतं. यावर अनेक जण अडकले आहेत.

बाकी देशांत मर्यादा थोडी वेगळी. कॅनडात २०२४च्या नोव्हेंबरपासून विद्यापीठाबाहेर आठवड्याला २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं, सत्रात आठवड्याला २० तास. या कामातून किराणा आणि फोनचं बिल निघतं, ओळखी होतात, भाषा सुटते. एवढ्यासाठी ते जरूर करावं.

## ‘एजंट तर फुकटात सगळं करून देतो’

फुकटात कुणीच काही करत नाही. एजंटला पैसे विद्यापीठ देतं, त्याने पाठवलेल्या विद्यार्थ्याच्या फीतला एक हिस्सा म्हणून. त्यात बेकायदा काही नाही. गंमत अशी की अमेरिकेच्या कायद्याने १९९२ मध्ये विद्यापीठांना ‘दर डोक्यामागे’ बक्षिशी देऊन विद्यार्थी गोळा करायला मनाई केली, कारण त्यातून विद्यार्थ्यांची फसवणूक होते हे दिसलं होतं; पण परदेशात राहणाऱ्या आणि सरकारी मदतीस पात्र नसलेल्या विद्यार्थ्यांना मात्र त्याच कायद्याने या मनाईतून वगळलं. म्हणजे स्थानिक मुलाला जे संरक्षण आहे, ते परदेशी मुलाला नाही.

चांगले एजंट आहेत, आणि पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या घराला ते खरोखर उपयोगी पडतात. त्यांना एक प्रश्न सरळ विचारावा: तुमच्या यादीत नसलेलं एखादं विद्यापीठ माझ्यासाठी जास्त योग्य असेल, तर तुम्ही मला सांगाल का? आणि प्रवेशपत्र खरं आहे का, हे स्वतः विद्यापीठाला लिहून तपासावं. २०२३ मध्ये कॅनडात अनेक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. काहींना तर हे कित्येक वर्षांनी, कायम वास्तव्याचा अर्ज करताना कळलं आणि त्यांच्यावर देश सोडण्याची पाळी आली. त्यानंतर, त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून, प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा संबंधित संस्थेकडून करून घेणं कॅनडाने सक्तीचं केलं.

## ‘शिक्षण झालं की नोकरी करता येते, मग राहता येतंच’

‘शिकल्यावर काम’ ही सवलत आहे, आणि ती देशाच्या रोजगार धोरणाचा भाग आहे, शिक्षण धोरणाचा नाही. त्यामुळे राजकारण तापलं की आधी तीच आखडते. ब्रिटनने ही सवलत २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा दिली, आणि आता ती दीड वर्षावर येते आहे (पीएचडीवाल्यांना तीन वर्षंच). जर्मनी १८ महिने नोकरी शोधायला देतं. कॅनडात अभ्यासक्रमाच्या लांबीनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात, पण २०२४च्या नोव्हेंबरपासून तिथल्या कॉलेजांमधल्या अनेक अभ्यासक्रमांना विषयाची अट लागली आहे, म्हणजे ठरावीक विषय शिकलेल्यांनाच ही सवलत मिळते.

अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांना आणखी २४ महिने. पहिल्या बारा महिन्यांत मिळून ९० दिवसांहून जास्त बेकार राहिलात, तर दर्जा जातो. त्यापुढचा दरवाजा एच-१बीचा, म्हणजे मालकाने अर्ज करून मिळवायच्या नोकरीच्या व्हिसाचा: वर्षाला ६५,००० जागा, अधिक अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरचं शिक्षण घेतलेल्यांसाठी २०,०००. मागणी कितीतरी जास्त असल्याने सोडत काढतात. म्हणजे उत्तम गुण, उत्तम नोकरी, राजी मालक, सगळं असूनही चिठ्ठीत नाव न निघाल्यामुळे माणूस परततो.

म्हणून कर्ज काढणाऱ्यांनी एक हिशेब वेगळ्या कागदावर मांडावा: ही सवलत उद्या गेली आणि पदवी घेऊन लगेच परतावं लागलं, तर हप्ते फिटतील का? फिटत असतील तर निर्धास्त जावं. फिटत नसतील तर आपण शिक्षणावर नव्हे, एका सरकारच्या पुढच्या तीन वर्षांच्या मूडवर कर्ज काढतोय, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्यावं.

परतल्यावर पदवी चालेल का, हे व्यवसायावर ठरतं. सॉफ्टवेअर किंवा मार्केटिंगमध्ये मालकाला पटलं की झालं. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना मात्र जिथे काम करायचं तिथला परवाना लागतो, आणि परदेशी पदवीवर तो आपोआप मिळत नाही. त्या परवान्याच्या अटी प्रवेश घेण्याआधी वाचाव्यात.

## ‘मी तिथे असताना नियम बदलले तर?’

बदलतील, असंच धरून चालावं. पाहायचं ते हे, की नवा नियम कोणत्या तारखेवर टांगलेला आहे. कुटुंब सोबत नेण्याची ब्रिटनची बंदी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेवर होती: १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्यांना लागू, आधीच्यांना नाही. कॅनडाची विषयाची अट शिक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज कधी केला यावर होती. १ नोव्हेंबर २०२४च्या आधी अर्ज केलेले सुटले. अमेरिकेत विद्यार्थ्याला ‘शिक्षण चालू असेपर्यंत’ राहू देण्याची पद्धत मोडून जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत द्यायचा प्रस्ताव २०२५च्या ऑगस्टमध्ये आला. अमेरिकेत प्रस्ताव आणि अंतिम नियम यांच्यामध्ये हरकती मागवण्याची पायरी असते, हे अशी बातमी पुढे पाठवण्याआधी लक्षात घ्यावं.

सगळ्यात फसवी तारीख असते ती ‘शिकल्यावर काम’ या सवलतीसाठी अर्ज करण्याची. ब्रिटनची दीड वर्षाची मुदत १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांना लागू आहे, विद्यार्थी तिथे कधी गेला याला महत्त्व नाही. एका वर्षाचा तोच अभ्यासक्रम, तेच विद्यापीठ, तीच फी. २०२५च्या सप्टेंबरात दाखल झालेल्याचा निकाल २०२६ संपण्याआधी लागला आणि त्याने लगेच अर्ज केला, तर दोन वर्षं. २०२६च्या जानेवारीत दाखल झालेल्याचं शिक्षण २०२७ उजाडल्यावर संपत असेल, तर दीड.